कचरागाडीचं घाईचं गाणं

“वाजवू नकोस! वाट्टेल ते कर, पण वाजवू नकोस!” मालकीण श्येहबाई जिन्यावरूनच ओरडल्या, आणि तरुण इंजिनियर यूछिंगने घाबरून भोंग्याची वायर हातातून टाकून दिली.

श्येहबाईंचंही चुकत नव्हतं. सानचोंग शहरातल्या आमच्या गल्लीत त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मालकिणीसकट चार माणसं. तिथे कचरागाडीवर गाणं वाजवणारे बोर्ड बनतात. आता कचरागाडीचं गाणं म्हणजे काय चीज आहे ते आम्हाला विचारा. गाडी गाणं वाजवत येते, कोपऱ्यावर उभी राहते, गाणं चारदा वाजतं, आणि तेवढ्यात ज्याने त्याने खाली येऊन आपापली पिशवी आत टाकायची. चुकलात तर पिशवी परत घरात, माशाच्या काट्यांसकट. त्यामुळे ते सूर कानावर पडले की आमच्या माणसाचा हात आधी पिशवीकडे जातो, विचार तो नंतर करतो.

गेल्या महिन्यात यूछिंगने भर दुपारी दोन वाजता, जुना बोर्ड तपासायचा म्हणून, ते गाणं फक्त एकदा वाजवलं होतं. मिनिटभरात सगळी गल्ली कारखान्यासमोर हजर! खोटं कशाला बोलू, ओल्या कचऱ्याची बादली घेऊन मीही होतो. गाडीच नाही हे कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. चौदा जणांनी तर रागाने पिशव्या कारखान्याच्या दारातच ठेवल्या आणि निघून गेले. त्या दिवसापासून हुकूम सुटला, की कारखान्यात गाणं वाजणार नाही.

आता गाण्याचा बोर्ड आवाज न करता तपासायचा कसा? त्याला उत्तर होतं लियाओदादांचं यंत्र.

लियाओदादा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने इंजिनियर. वय अठ्ठावन्न, खिशात तीन पेनं, आणि स्वतःच्या मतांवर अपार श्रद्धा. त्यांचा लॉजिक अ‍ॅनालायझर खिडकीशी एका वेगळ्या टेबलावर असायचा. बोर्डच्या एकेका तारेला बारीक चिमटे लावले, की कुठल्या तारेत कधी वीज आली आणि कधी गेली ते पडद्यावर ओळीने दिसायचं. यंत्र एकसारखे फोटो काढत असतं म्हणा ना. फोटो कधी काढायचा हे ठरतं ठोक्यावर. तो ठोका यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाचा घेता येतो, किंवा समोरच्या बोर्डच्या घड्याळाचा. तीन वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या बोर्डसाठी लियाओदादांनी दोन दिवस डोकं आपटून हे सगळं बसवलं होतं, आणि बसल्याबरोबर ठोका निवडायच्या बटणावर चिठ्ठी चिकटवली होती: ‘कोणीही हात लावू नये. – लियाओ.’ कोणी लावलाही नाही. ज्येष्ठ माणसाची चिठ्ठी कोण काढणार?

“दादा, निदान कानात हेडफोन घालून एकदा ऐकू का?” यूछिंगने विचारलं.

“कानाने?” लियाओदादांना ते लागलंच. “पोरी, कान थापा मारतो. सर्दी झाली की वेगळं ऐकू येतं, पोट भरलं की वेगळं. यंत्र थापा मारत नाही. हे बघ, एकेक सूर जागच्या जागी आहे. मी दाखला देतो तुला.”

आणि त्यांनी खरंच सही करून दाखला दिला.

यूछिंगला तो दाखला फार हवा होता. बोर्डच्या कोपऱ्यात, ज्याने तो बनवला त्याचं नाव पांढऱ्या अक्षरांत छापायची त्या कारखान्याची पद्धत. आजवरच्या प्रत्येक बोर्डवर लियाओदादांचं नाव होतं. हा पहिला बोर्ड तिने एकटीने, पहिल्या रेघेपासून, बनवलेला. डोंगराकडच्या एका छोट्या गावाच्या सफाई पथकाला तो दाखवायचा होता. त्यांना पसंत पडला तर नाव छापायचं. आणि नाही पडला तर?

“नाही पडला तर तुला फोनच्या टेबलावर बसवते,” श्येहबाई म्हणाल्या होत्या. “तुझा आवाज गोड आहे. गिऱ्हाइकं खूश होतील.”

यूछिंगला फोनवर बोलायची भारी धास्ती. स्वतःच्या आईचाही फोन ती तिसऱ्या वेळेला उचलते. तेव्हा तिच्या दृष्टीने ही जन्मठेपच होती.

गुरुवारी संध्याकाळी ती बोर्ड घेऊन त्या गावी गेली. सफाई पथकाचे प्रमुख फानसाहेब स्वतः गाडी चालवत होते. गडी जाडजूड, बोलणं कमी. यूछिंगने बोर्ड बसवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पहिल्या कोपऱ्यावर फानसाहेबांनी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं, आणि यूछिंगच्या तोंडचं पाणी पळालं. सूर तेच, क्रम तोच, पण वेग दुप्पट! आवाजही चिरका झालेला.

“हे काय?” फानसाहेब म्हणाले.

“होईल… होईल सावकाश,” यूछिंग म्हणाली.

सावकाश कसलं होतंय! गावात एकच धांदल उडाली. लोकांना वाटलं, गाडी निघालीच. एक बाई डोक्याला शाम्पूचा फेस तसाच ठेवून धावत आल्या. एक आजी काठी बगलेत मारून पळत होत्या. काठी त्यांना कशाला लागते हाच गावाला प्रश्न पडला. एक मास्तर एका पायात चप्पल घालून आले आणि दुसरी कुठे पडली ते बघायलाही थांबले नाहीत. एका गृहस्थाने तर एका हातातली कचऱ्याची पिशवी घट्ट धरून ठेवली, आणि दुसऱ्या हातातली, नुकत्याच विकत आणलेल्या गरम सूपाची, गाडीत फेकली. घरी गेल्यावर बायकोने वाढायला म्हणून पिशवी उघडली तेव्हा काय झालं, ते त्यांनी गावच्या कार्यालयात फोन करून सविस्तर सांगितलं.

गाणं चारदा वाजलं की गाडी हलवायची हा नियम. गाणं दुप्पट वेगाने चारदा वाजलं, गाडीही दुप्पट लवकर हलली. एरवी पाऊण तास चालणारी फेरी तेवीस मिनिटांत उरकली. फानसाहेबांनी गाडी उभी केली आणि कपाळावरचा घाम पुसला.

“कार्यालयात एकोणीस तक्रारी आल्यात,” मोबाइलकडे बघत ते म्हणाले. “शुक्रवारी आमच्या फेरीला सुट्टी असते म्हणून वाचलात. उद्या दुपारी चारला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो. तिथेच बोर्ड बसवायचा, तिथेच मला दाखवायचा. नीट झालं तर सही करतो. नाहीतर राम राम.”

शुक्रवारी सकाळी यूछिंग आठ वाजताच कारखान्यात. तिने बोर्डला सोळाच्या सोळा चिमटे लावले. गाणं ज्या चिपमध्ये साठवलेलं असतं तिथपासून सुरुवात केली आणि एकेक तार धरून, बाहेर भोंग्याकडे जाणाऱ्या शेवटच्या टोकापर्यंत, सगळा माग काढला. लियाओदादा मागे उभे राहून पडद्यावरचे ठोके मोजत होते. त्यांच्याकडे एक कोष्टक होतं: बोर्डचे इतके ठोके म्हणजे इतका वेळ.

“पहिला सूर बरोबर. दुसरा बरोबर. अख्खं गाणं पंचेचाळीस सेकंद. एक केसभर फरक नाही!”

“पण दादा, काल मी स्वतः ऐकलं ना! माणसं पळत होती!”

“डोंगराकडची माणसं. त्यांना सवय असेल पळायची.”

“शाम्पू लावून?”

“म्हणजे दोष गाडीत आहे,” लियाओदादांनी निकाल दिला. “त्यांचा भोंगा तपासायला सांग.”

श्येहबाईंनी फानसाहेबांना फोन लावला. फानसाहेबांनी गाडीला आपला जुना बोर्ड जोडला, बटण दाबलं आणि फोन भोंग्यासमोर धरला. गाणं अगदी ठाय लयीत वाजत होतं. “गाडीला काही झालेलं नाही,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग आ-ल्येन मावशींनी विषय हातात घेतला. मावशी सोल्डरिंग करतात. गेली एकोणीस वर्षं कारखान्यातला प्रत्येक बोर्ड त्यांच्या हाताखालून गेलेला आहे, आणि प्रत्येक बिघाडाबद्दल त्यांचं मत तयार असतं. त्यांनी अ‍ॅनालायझरच्या डोक्यावर ठेवलेला खाऊचा हिरवा पुडा उचलला. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून असा पुडा ठेवायचा असतो, आणि तोही सिग्नलच्या दिव्यासारखा हिरवाच, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

“बघा! बघा तारीख!” मावशी किंचाळल्या. “दोन महिने झाले संपून! शिळा खाऊ दिल्यावर यंत्र कसं वागेल?”

“अगं बाई!” श्येहबाईंनी कपाळाला हात लावला. “आधी जा आणि ताजा आण.”

मावशी गेल्या आणि अर्ध्या तासाने पिवळा पुडा घेऊन आल्या.

“पिवळा? डोकं फिरलंय का तुझं?” श्येहबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. “पिवळा आत आणू नकोस! होतं नव्हतं तेही बंद पडेल!”

“हिरवा संपलाय दुकानात!”

“मग दुसऱ्या दुकानात जा! पुलापलीकडे जा!”

मावशी पुलापलीकडे गेल्या. पिवळा पुडा त्यांनी वाटेत खाऊन टाकला. साडेबाराला हिरवा पुडा आला, दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवला गेला, सगळ्यांनी मनोभावे वाकून नमस्कार केला, आणि लियाओदादांनी पुन्हा मोजलं. पंचेचाळीस सेकंद. सगळं बरोबर.

“आता काय करायचं?” यूछिंगचा आवाज रडवेला झाला होता.

श्येहबाई कोपऱ्यातल्या फोनच्या टेबलाकडे गेल्या, त्यावरचे खोके खाली ठेवले आणि टेबल ओल्या फडक्याने पुसू लागल्या.

दीड वाजला तेव्हा लियाओदादा जेवायला बाहेर पडले. यूछिंगला जेवण जाणार नव्हतं, पण मावशींनी जबरदस्तीने तिच्यासमोर कपातल्या नूडल्स ठेवल्या, वर उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

“तीन मिनिटं थांब आणि खा. उपाशीपोटी रडू नये. नीट रडता येत नाही.”

यूछिंगने मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि ती रिकाम्या नजरेने पडद्याकडे बघत बसली. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं की यंत्र कोपऱ्यातला आकडा एकाने वाढवायचं. दोन. तीन. चार. तिला वाटलं, झाल्या नूडल्स. चार वेळा गाणं म्हणजे तीन मिनिटं. तिने झाकण उघडून काडीने ढवळलं.

नूडल्स कडक होत्या.

“मावशी, पाणी गार होतं का हो?”

“गार? माझा हात भाजला त्याने!”

यूछिंगने मोबाइल पाहिला. दीड मिनिट झालं होतं. तिने झाकण परत लावलं. ती आकड्याकडे बघत राहिली. पाच. सहा. सात. मोबाइल वाजला तेव्हा आकडा आठ होता.

ती उठली. अ‍ॅनालायझरसमोर गेली. लियाओदादांच्या चिठ्ठीला नख लावलं.

“अगं, काय करतेस?” मावशी घाबरून म्हणाल्या. “दादांची चिठ्ठी आहे ती!”

“असू दे,” यूछिंग म्हणाली, आणि तिने चिठ्ठी टरकन ओढली. खाली बटण होतं. ते ‘बाहेरचं घड्याळ’ या बाजूला होतं. तिने ते ‘आतलं घड्याळ’ वर आणलं. पडद्यावरच्या सगळ्या ओळी एकदम बदलल्या. अख्खं गाणं: साडेबावीस सेकंद.

“सापडलं!” ती एवढ्या जोरात ओरडली, की श्येहबाईंच्या हातातलं फडकं पडलं.

तेवढ्यात लियाओदादा दात कोरत आत आले. त्यांची नजर आधी चिठ्ठीवर गेली. ती जमिनीवर पडली होती.

“हे कोणी केलं?”

“मी,” यूछिंग म्हणाली. एरवी ती अशा वेळी खाली मान घालते, पण आज तिने घातली नाही. “दादा, आपलं यंत्र फोटो काढत होतं बोर्डच्याच ठोक्यावर. बोर्ड दुप्पट पळाला, की यंत्रही त्याच्यामागे दुप्पट पळायचं. ठोके मोजून बरोबरच येणार ना! डॉक्टरांनी रोग्याची नाडी रोग्याच्याच नाडीवर मोजली, तर ती कधी चुकेल का?”

लियाओदादा पडद्यासमोर वाकले. बटण त्यांनी इकडे केलं: पंचेचाळीस. तिकडे केलं: साडेबावीस. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. असं सहा-सात वेळा झालं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मटकन बसले.

“तीन वर्षं,” ते हळूच म्हणाले. “तीन वर्षं मी असेच दाखले देतोय, पोरी.”

त्यांचा चेहरा बघून यूछिंगचा राग कुठल्या कुठे गेला. “बाकीचे बोर्ड नीटच होते ना दादा. वाजतायत की अजून.”

“ते त्यांच्या पुण्याईने,” लियाओदादा म्हणाले, आणि ताडकन उठले. “पण बोर्ड दुप्पट का पळतोय? मूळ घड्याळच बघ. क्रिस्टल बघ!”

मूळ ठोका देणारा क्रिस्टल म्हणजे नखाएवढी चकचकीत डबी. यूछिंगने तिच्यावर भिंग धरलं. सेकंदाला ऐंशी लाख ठोके देणारा हवा होता, बसला होता एक कोटी साठ लाखांचा. सगळ्यांनी वळून आ-ल्येन मावशींकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता?” मावशी म्हणाल्या. “दोन्ही डब्या सारख्याच, दोन्ही खण शेजारी शेजारी! अंगावर मुंगीएवढी अक्षरं! आणि माझा चष्मा गेल्या आठवड्यापासून—” त्या थांबल्या. त्यांनी कपाळावरून चष्मा खाली ओढला, डबीकडे पुन्हा बघितलं. “अरे देवा,” त्या म्हणाल्या.

मग काय, एकच पळापळ! मावशींनी जुना क्रिस्टल काढला, या वेळी चष्मा लावून नवा बसवला. लियाओदादांनी स्वतःच्या हाताने आतलं घड्याळ लावून मोजलं. पंचेचाळीस सेकंद. यूछिंगने मोबाइल धरून मोजलं. पंचेचाळीस. चार वाजायला दोन मिनिटं असताना बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

फानसाहेबांनी गाडी गल्लीच्या मधोमध उभी केली. यूछिंगने बोर्ड बसवला, शेवटचा स्क्रू पिळला आणि खाली उतरून म्हणाली, “फानसाहेब, आता आपण जरा गावाबाहेर मोकळ्या जागी जाऊ, आणि तिथे—”

“बाहेर कशाला? इथेच ऐकतो,” फानसाहेब म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

“नको!” श्येहबाई, लियाओदादा आणि मावशी एका सुरात ओरडले. उशीर झाला होता.

गाणं सुरू झालं. शांत, ठाय, जसं असायला हवं तसं. आमच्या गल्लीतले दरवाजे उघडू लागले. मी सांगतो ना, आम्हाला शंकाही आली नाही. गाणं वाजतंय आणि समोर खरीखुरी गाडी उभी आहे, आणखी काय पाहिजे? लोक आपापल्या पिशव्या घेऊन निवांत उतरले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई शेजारणीशी सुनेबद्दल बोलत बोलत आल्या. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा एकेक पायरी उतरत, मध्ये थांबून खोकत आले. मी बादली घेऊन आलो. कोणीही धावलं नाही.

“थांबा! ही गाडी तुमची नाही!” फानसाहेब खिडकीतून हात हलवत होते. “मी दुसऱ्या गावचा आहे!”

“कचरा सगळ्या गावांचा सारखाच असतो,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी पिशवी आत टाकली.

यूछिंग मात्र भिंतीला टेकून उभी होती आणि हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. “दादा, बघा!” ती लियाओदादांना म्हणाली. “सगळे चालतायत! एकजण पळत नाहीये!”

गाणं चारदा वाजून थांबलं तेव्हा गाडी काठोकाठ भरली होती. फानसाहेब खाली उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि श्येहबाईंच्या हातातून कागद घेऊन सही केली.

“बोर्ड पसंत आहे,” ते म्हणाले. “दहा करा.”

“ऐकलंस ना? तुझं नाव, मोठ्या अक्षरांत!” श्येहबाई यूछिंगला म्हणाल्या. लियाओदादांनी टाळ्या वाजवल्या, आणि यूछिंग लाजून लाल झाली.

फानसाहेब मात्र घुटमळत उभे होते. त्यांनी यूछिंगला जरा बाजूला बोलावलं.

“तो कालचा… घाईचा. तो पुन्हा करता येईल का?”

“अहो, ती चूक होती!”

“चूक असेल. पण काल मी सूर्य मावळायच्या आत घरी पोचलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. बायको म्हणाली, नोकरी गेली का तुमची? मग आम्ही दोघं ओढ्यावर फिरायला गेलो.” जाडजूड फानसाहेब चक्क लाजले. “आणि वादळाचा इशारा आला की कचरा पटापट उचलावाच लागतो. कार्यालयात मी तसंच लिहीन. वादळी दिवसांसाठी. दोन करा.”

“करू की!” मागून श्येहबाई म्हणाल्या. त्यांचे कान फार तिखट.

“पण त्याच्यावर माझं नाव नको,” यूछिंग म्हणाली. ती एकदम गंभीर झाली होती. “तो माझा बोर्ड नाही. तो चुकलेला बोर्ड आहे.”

“मग माझं घाला,” आ-ल्येन मावशी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“काय बघता? एकोणीस वर्षं मान मोडून बोर्ड बनवतेय, कोणाला आठवण झाली का नाव घालायची? आणि ही चूक तर नक्की माझी आहे, यात वाटेकरी कोणी नाही.” मावशींनी हात झटकले. “ठसठशीत घाला. चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.”

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. यूछिंगच्या नावाचे बोर्ड आजवर छत्तीस गेले. आ-ल्येन मावशींच्या नावाचे एकशे चार गेले, आणि पुढच्या वादळाच्या आत आणखी वीस हवेत म्हणून काल सहा गावांच्या पथकप्रमुखांच्या बायकांनी मिळून पत्र पाठवलंय.